पालिकेची सभा आहे, येताय ना?

दोस्तांनो, तुमच्या घरी येणाऱ्या पेपरचं आतलं पान उघडा. 'शहरात आज' किंवा 'आजचे कार्यक्रम' असं काहीतरी सदर असतं ना, ते पाहा. कुठे व्याख्यान, कुठे चित्रांचं प्रदर्शन, कुठल्या पेठेत गुरुवारी पाणी येणार नाही त्याची सूचना. आणि त्यातच अधूनमधून एक ओळ असते : महापालिकेची मासिक सर्वसाधारण सभा, सकाळी ११ वाजता. ही ओळ आपण हमखास गाळतो. आई-बाबासुद्धा गाळतात. 'सभा' म्हटलं की कंटाळवाणं काहीतरी, असा आपला पक्का समज!

पण त्या पानावरच्या सगळ्या ओळींमध्ये तुमच्या घराच्या दारापर्यंत येणारी ओळ तीच असते, बरं का. नळाला पाणी किती वाजता यावं, शाळेसमोर गतिरोधक हवा की नको, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात औषधं आहेत की नाहीत, आणि तुम्ही जिथे क्रिकेट खेळता ती जागा पुढच्या वर्षी मैदानच राहणार की तिथे दुसरंच काही उभं राहणार, हे सगळं फिरून फिरून त्या सभेतच येतं.

मग या सभेत असतं तरी काय?

सुरुवात सभेच्या दिवशी होत नाही, आधीच होते. पालिकेत नगरसचिव नावाचे एक अधिकारी असतात. सभेचं सगळं दप्तर त्यांच्या ताब्यात. महिन्यातून निदान एक तरी सभा झालीच पाहिजे असा कायदा आहे. साधारणपणे सात दिवस आधी प्रत्येक नगरसेवकाकडे सभेची नोटीस जाते आणि तिच्यासोबत जाते कार्यपत्रिका. कार्यपत्रिका म्हणजे सभेचं वेळापत्रकच म्हणा ना! फरक एवढाच, की मराठी, गणित, भूगोल या तासांऐवजी तिथे विषय क्रमांक एक, दोन, तीन असे आकडे असतात. भाषा मात्र अशी, की मराठीच्या बाईंनी पाहिली तर लाल पेन घेऊन बसतील. 'अमुक रस्त्यावर जलवाहिनी टाकणेकामी येणाऱ्या खर्चास मान्यता देणेबाबत.' 'कामी' आणि 'बाबत' या दोन शब्दांशिवाय पालिकेचा कागद पुढे सरकत नाही!

हा विषय सभेपर्यंत येतो कसा? समजा, तुमच्या भागात नवी जलवाहिनी टाकायची आहे. पाणीपुरवठा विभागाचे इंजिनिअर आधी खर्चाचा अंदाज काढतात. मग प्रस्ताव आयुक्तांकडे जातो. आयुक्त हे निवडून येत नाहीत, त्यांना राज्य सरकार नेमतं. तिथून प्रस्ताव येतो स्थायी समितीकडे. मुंबईतली स्थायी समिती मोठी आहे; पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत १६ नगरसेवकांची असते. पैशाच्या तिजोरीची किल्ली या समितीकडे, म्हणून 'स्थायी'त जायला सगळेच उत्सुक! काही विषय तिथेच संपतात. जे मोठे असतात, ते सगळ्या नगरसेवकांपुढे, म्हणजे सर्वसाधारण सभेत येतात. पुण्यात हिला 'मुख्य सभा' म्हणतात.

सभागृहात एका उंच आसनावर महापौर बसतात. इंग्रजीतल्या 'मेयर'ला हा ऐटदार प्रतिशब्द सावरकरांनी दिला. दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली, तर महापौरांना आणखी एक मत देता येतं. त्यांच्यासमोर मानदंड ठेवलेला असतो. हा सभागृहाच्या अधिकाराचा दंड, काही शहरांत त्याला राजदंड म्हणतात. आता गंमत ऐका. एखाद्या विषयावर बोलू दिलं नाही म्हणून चिडलेले नगरसेवक कधीकधी चक्क हा मानदंडच उचलून पळवतात! मग शिपाईकाका आणि इतर सदस्य त्यांच्यामागे. तुमच्या वर्गातला डस्टर पळवण्याचा खेळ आठवला ना? आम्हाला विचाराल तर मोठ्यांनी हा खेळ आता पुरे करावा. त्या गोंधळात विषयावर कोणी बोलतच नाही आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो तो मानदंडाचा, जलवाहिनीचा नाही.

काही शब्द मात्र माहीत असलेले बरे. सभा 'तहकूब' झाली म्हणजे पुढच्या तारखेवर गेली. कोणा मोठ्या माणसाचं निधन झालं की श्रद्धांजली वाहून सभा बऱ्याचदा तहकूब करतात. 'उपसूचना' म्हणजे मूळ प्रस्तावाला लावलेली शेपटी. कधीकधी ही शेपटी मूळ प्राण्यापेक्षा मोठी असते, त्यामुळे पत्रकार तिच्यावर डोळा ठेवून असतात. आणि 'दप्तरी दाखल'? तुम्हाला वाटेल, दप्तरात घातलं म्हणजे आता रोज बाहेर निघणार. छे! पालिकेच्या भाषेत दप्तरी दाखल म्हणजे फाइल बंद, विषय संपला.

मतदान होतं ते बहुतेक वेळा हात वर करून. विषय मोठा असला की नावं पुकारूनही होतं. एकट्यानं हात वर करणं सोपं नसतं. पुणे नगरपालिकेतला एक प्रसंग सांगतो. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं या नगरपालिकेचे सभासद होते, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. तेव्हा पालिकेत ३२ सभासद होते आणि ते निवडून येत नसत, सरकारच त्यांना नेमत असे. १८८० साली व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. हजार रुपये त्या काळी म्हणजे मोठीच रक्कम. साहेब खूश तर सरकार खूश, त्यामुळे विरोध करणार कोण? फुल्यांनी केला. हा पैसा लोकांच्या करातून आलेला आहे, तो पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ठरावाच्या विरोधात मत पडलं ते त्यांचं एकट्याचं. ठराव अर्थातच मंजूर झाला. त्या दिवशी स्वागताच्या बाजूनं कोण काय बोललं, ते आज कोणाला आठवतंय?

सभागृहाला कुलूप

आता अलीकडची गोष्ट. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली. आणखी कितीतरी शहरांत त्याच सुमाराला असंच झालं. मुदत संपली की निवडणूक व्हायला हवी. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद कोर्टात होते आणि निवडणूक पुढे पुढे जात राहिली. मग कारभार कोणी पाहिला? प्रशासकांनी. म्हणजे आयुक्तच प्रशासक! प्रस्ताव मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या असं सांगितलं, आणि १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. हिशेब करा : २०२२ च्या मार्चमध्ये जो मुलगा चौथीत होता, तो मतदानाच्या दिवशी आठवीत गेलेला होता. तोपर्यंत त्याच्या वॉर्डात नगरसेवकच नव्हता.

याचा अर्थ कामं थांबली असं नाही. रस्ते खणले गेले, कचरा उचलला गेला. पण प्रश्न विचारणारं कोणी समोर नव्हतं. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचं होतं. अख्ख्या गोवा राज्याच्या अंदाजपत्रकापेक्षा कितीतरी मोठं! आणि एवढ्या रकमेवर एकाही नगरसेवकाचा हात वर झाला नाही, कारण सभागृहात नगरसेवकच नव्हते. पुण्याच्या नव्या इमारतीतलं सभागृहही असंच रिकामं होतं. (जून २०१८ मध्ये तिच्या उद्घाटनाच्या दिवशीच पाऊस आला आणि घुमटातून सभागृहात पाणी गळलं होतं! पुणेकर हे विसरायला तयार नाहीत.)

म्हणजे सभा असली की सगळं चांगलंच होतं का? तसं मुळीच नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभेनं एक धोरण मंजूर केलं. शहरातली मैदानं, बागा आणि मोकळ्या जागा खासगी संस्थांना 'दत्तक' द्यायच्या, त्यांनी त्या सांभाळायच्या. ऐकायला छान वाटतं. पण आधी अशाच दिलेल्या काही जागांवर क्लब उभे राहिले होते आणि बाहेरच्या मुलांना आत मज्जाव होता. मुंबईकर चिडले. नागरिकांच्या संघटनांनी सभा घेतल्या, पेपरांनी विषय लावून धरला. शेवटी मुख्यमंत्र्यांनी धोरणाला स्थगिती दिली आणि आधी दिलेल्या २०० हून अधिक जागा परत घ्यायचं ठरलं. नगरसेवकांचे हात वर झाल्यानंतरसुद्धा निर्णय फिरला!

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर याहून मोठी. शहराची पुढची वीस वर्षं कशी असतील याचा एक नकाशा पालिका काढते, त्याला विकास आराखडा म्हणतात. शाळा कुठे, दवाखाना कुठे, मैदान कुठे, हे त्यावर रंगांनी दाखवलेलं असतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा नवा आराखडा जाहीर झाला आणि लोक आपापली गल्ली शोधू लागले. शोधतात तर काय, उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, जुन्या वारसा वास्तू गायब! सुमारे ६५ हजार हरकती आणि सूचना आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, आराखडा दुरुस्त करून पुन्हा आणा. पुण्यात २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या आराखड्यावर तर ८७ हजार हरकती आल्या होत्या.

हरकत कशी घ्यायची?

'हरकत' हा शब्द लक्षात ठेवा, कारण तुमच्या कामाचा आहे. समजा, पुढच्या महिन्यात कार्यपत्रिकेवर 'खेळाचे मैदान हे आरक्षण बदलणेबाबत' असा विषय आला. सभेनं तो मंजूर केला, तरी मैदान दुसऱ्या दिवशी जात नाही. आराखड्यात असा फेरबदल करायचा, तर पालिकेला जाहीर नोटीस द्यावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिना असतो. त्यानंतर सुनावणी होते आणि अखेरची मंजुरी राज्य सरकार देतं. हरकत कोण घेऊ शकतं? कायद्यात शब्द आहे 'कोणतीही व्यक्ती'. मतदारच हवा, अशी अट नाही. म्हणजे सातवीतली मुलगीसुद्धा लिहू शकते. आई-बाबांची सही सोबत असली तर उत्तमच.

पत्र साधं हवं. जागा कुठली, नोटिशीची तारीख काय, तिथे आज किती मुलं खेळतात, सगळ्यांत जवळचं दुसरं मैदान किती लांब आहे, हे लिहायचं. 'आमच्यावर अन्याय होत आहे' असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा 'दुसरं मैदान दीड किलोमीटरवर आहे आणि मध्ये हायवे आहे' हे एक वाक्य जड पडतं. चालत जाऊन अंतर मोजा, मित्रांना सोबत घ्या, रविवारी संध्याकाळी मैदानावरची मुलं मोजा. पत्राच्या दोन प्रती काढायच्या, एक पालिकेत द्यायची आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्यायचा. हा शिक्का फार महत्त्वाचा! त्याच्यावर आवक क्रमांक असतो. पत्र मिळालंच नाही असं मग कोणाला म्हणता येत नाही.

आणि एकच महिना मिळतो, हे विसरून चालणार नाही. म्हणून तर ती पेपरमधली ओळ गाळायची नाही. मैदानाभोवती पत्रे लागले की सगळी कॉलनी जमते, पण तोपर्यंत हरकतींची मुदत बहुधा संपून गेलेली असते.

प्रत्यक्ष सभा पाहायची असेल, तर तीही सोय आहे. सभा लोकांसाठी खुली असते आणि वर प्रेक्षकांची गॅलरी असते. बहुतेक ठिकाणी पास लागतो. आई किंवा बाबांना नगरसचिवांच्या कार्यालयात नाहीतर तुमच्या नगरसेवकांकडे चौकशी करायला सांगा. गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. डबा नेलात तरी आत उघडता येणार नाही. पहिला अर्धा तास काही कळणार नाही, थोडी कळ काढा. कार्यपत्रिकेची प्रत हातात असली तर विषय क्रमांकावर बोट ठेवून ऐकता येतं.

खेड्यात राहणाऱ्या दोस्तांनी नाराज होऊ नये. तुमची ग्रामसभा याहून सरस! तिथे गॅलरी नाही, सगळे एकाच सतरंजीवर. वर्षातून निदान चार ग्रामसभा होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावात माहीतच असतात. झेंडावंदन झालं की लगेच घरी पळू नका. मोठ्यांसोबत थोडं थांबा, शाळेच्या गळक्या छपराचा विषय निघतो का पाहा. निघाला नाही, तर तो काढायला आजोबांना कोपरानं ढोसा.

आता या आठवड्याचं काम. तुमच्या घराचा प्रभाग क्रमांक कोणता? तुमचे नगरसेवक कोण? काही शहरांत एका प्रभागात चौघं असतात, तेव्हा चारही नावं हवीत. पुढची सभा किती तारखेला? आणि तिच्या कार्यपत्रिकेवर तुमच्या भागातला एखादा विषय आहे का? घरातल्या मोठ्यांना लगेच विचारू नका. आधी पेपर, मग प्रभाग कार्यालयाची भिंत, आणि तिथेही नाहीच सापडलं तर आई-बाबा. उत्तरं पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा. त्यांनाही उत्तर आलं नाही, तर तेही बिनधास्त लिहा!