अदृश्य मळ आणि त्याचा धनी

ओढ्याचे पाणी डोळ्यांना नितळ दिसले म्हणजे ते निर्दोष असतेच असे नाही. औषधे, सौंदर्यप्रसाधने व कीटकनाशके यांचे अत्यल्प अंश पाण्यात विरघळून राहतात. शहरी सांडपाणी शुद्ध करणारी नेहमीची केंद्रे मुख्यतः गाळ व सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असल्यामुळे हे सर्व अंश तेथे अडत नाहीत. त्यांकरिता ओझोन वायू किंवा सक्रिय कोळसा वापरावा लागतो.

हा खर्च कोणी सोसावा? स्वित्झर्लंडने २०१६ पासून त्यासाठी दरडोई आकारणी सुरू केली. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात निराळा मार्ग धरला. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या उत्पादकांनी या जादा शुद्धीकरणाचा किमान ८० टक्के खर्च द्यावा, असे त्यात ठरविले. जो प्रदूषण करतो त्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये मान्य केले आहे.

डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला व तेथील कारखान्यांवर निर्बंध आले. परंतु डब्याबाटलीतून येणाऱ्या द्रव्यास असा निर्बंध आडवा येत नाही. डहाणूच्या चिकूबागेत वा तळासरीच्या भातखाचरात फवारलेले औषध पावसाबरोबर ओढ्यास व पुढे खाडीस मिळू शकते.

मूळ ठिकाणी बंदोबस्त न केल्यास काय होते, हे गिधाडांनी दाखविले. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकचे अंश मृत जनावरांच्या मांसात राहिले. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली व त्यांच्या जाती नामशेष होण्याच्या काठावर आल्या. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण तोवर हानी होऊन गेली होती.

प्लॅस्टिक वेष्टनांची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यास मात्र ते नियम लागू नाहीत. म्हणून ग्रामसेवक व कृषिसहायक यांनी पुढील गोष्टी गावात समजावून द्याव्यात :

१. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे.
२. डब्यास भोके पाडावीत. त्यात धान्य वा पाणी कधीही साठवू नये.
३. पंप ओढ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नये.
४. उरलेली औषधे मोरीत टाकू नयेत.
५. गुरांना औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे.

शेतकऱ्याने आपले कर्तव्य करावेच. परंतु माल विकून नफा घेणाऱ्यासही त्याच्या शेवटाची जबाबदारी टाळता येऊ नये.