सर्पाच्या खोलींतील ओलावा

नागपंचमीस पाटावर गंधानें नाग रेखून त्यास दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविणाऱ्या घरांत एखाद्या तरुणानें खराखुरा सर्प कांचेच्या पेटींत पाळावा, ही गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींस विपरीत वाटणें साहजिक आहे. तथापि आफ्रिकेंतील बॉल पायथन हा लहानसा अजगर किंवा अमेरिकेंतील कॉर्न स्नेक हे बिनविषारी सर्प आपल्याकडील हौशी लोक पाळतात. अशी हौस मेहकर तालुक्यांतील डोणगावासारख्या गांवीं कोणी केली, तर अन्नाच्या खालोखाल जो प्रश्न उभा राहतो तो हवेंतील ओलाव्याचा.

प्रथम कायद्याविषयीं. नाग, धामण, घोणस, अजगर आदि आपल्या भूमींतील सर्पांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. ते घरीं बाळगणें हा गुन्हा होय. परदेशीय सर्पांपैकीं बॉल पायथन हा आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादींत येतो, आणि २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांन्वयें त्याची सरकारदरबारीं नोंद करणें मालकावर बंधनकारक आहे. यंत्राची चौकशी करण्यापूर्वीं हीं कागदपत्रें पुरीं असावींत.

आतां ओलावा कशासाठीं, तें पाहूं. सर्प ठराविक कालानें कात टाकतो. तत्पूर्वीं कांहीं दिवस त्याचे डोळे निळसर धुरकट दिसूं लागतात. त्या वेळीं हवा कोरडी असली म्हणजे कात अखंड न उतरतां तुकड्यातुकड्यांनीं निघते. शेपटीच्या टोंकाशीं तिचें कडें राहून रक्तप्रवाह अडतो, आणि डोळ्यांवरील जुनें आवरण तसेंच चिकटून राहतें. उलट ओल अति झाली व हवा कोंडली, तर पोटाचे खवले कुजतात आणि श्वसनाचा विकार जडतो. बॉल पायथनला सुमारें ५० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, कातीच्या दिवसांत थोडी अधिक. कॉर्न स्नेकला ४० ते ५० टक्के पुरे होते.

‘सापेक्ष’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. एक घनमीटर हवा २० अंश सेंटिग्रेडला सुमारें १७ ग्रॅम बाष्प धारण करूं शकते, ३० अंशांना ३० ग्रॅम, तर ४० अंशांना ५१ ग्रॅम. म्हणजे बाष्प तितकेंच राहून नुसती उष्णता वाढली, तरी हवा कोरडी ठरते. विदर्भाच्या वैशाखांत ओठ फुटतात ते यामुळेंच. आणि सर्पाला ऊब मिळावी म्हणून लावलेला दिवाही पेटींत हेंच करतो.

थोडें गणित करूं. बारा फूट लांब, तितकीच रुंद व दहा फूट उंच खोलींत सुमारें ४१ घनमीटर हवा असते. ३२ अंशांवर तिची आर्द्रता २५ वरून ५५ टक्क्यांवर न्यावयाची, तर सुमारें ४०० ग्रॅम बाष्प हवें. फटींतून ही हवा तासाला एकदां जरी बदलली, तरी दिवसाकांठीं दहा लिटर पाणी खर्चीं पडेल. चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटीला मात्र हाच पालट घडविण्यास चमचाभर पाणी पुरतें. सबब सर्प एक-दोनच असतील, तर सबंध खोली ओलावण्याच्या भरीस पडूं नये. पाण्याचें पसरट भांडें, जाळीच्या झांकणाचा कांहीं भाग झांकणें, आणि दमट शेवाळ घातलेला एक छोटा डबा, एवढ्यानें बहुधा काम भागतें.

पेट्या पुष्कळ असतील तर मात्र यंत्र घ्यावें. त्याचे प्रकार तीन. पहिला बाष्पीभवनाचा, आपला वाळ्याचा ताटा आणि घरोघरचा कूलर हे त्याच कुळांतील. हवा जसजशी ओली होते तसतसें बाष्पीभवन आपोआप मंदावतें, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याचा गार झोत पेटीवर येऊं देऊं नये. दुसरा ध्वनितरंगांचा, त्यांतील कंप पावणारी चकती पाण्याचे सूक्ष्म तुषार उडविते. हें स्वस्त व निःशब्द खरें, पण विहिरीच्या कठीण पाण्यांतील क्षार पांढऱ्या धुळीच्या रूपानें सर्वत्र बसतात, आणि टाकी अस्वच्छ असल्यास जंतूही हवेंत जातात. तिसरा वाफेचा, यांत जंतू मरतात व क्षार तळाशीं राहतात, परंतु एक लिटर पाण्यास पाऊण युनिटाच्या आसपास वीज जाते, आणि लहान मुलें हात भाजून घेण्याचें भय असतें.

कोणतेंही यंत्र घेण्याआधीं आर्द्रतामापक घ्यावा. तो दिव्यापासून दूर, सर्प निजतो त्या उंचीवर ठेवावा. ठराविक टक्केवारीवर यंत्र बंद करणारा नियंत्रक जोडला तर उत्तमच. टाकी रोज रिकामी करून वरचेवर घासावी, पाण्यांत सुगंधी तेल घालूं नये, आणि मृग बरसूं लागतांच मापकाकडे पाहून यंत्र विश्रांतीस पाठवावें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक विचार हवा. सर्पाची खोली धान्याच्या कोठीस किंवा पुस्तकांच्या कपाटास लागून नसावी. तेथील ओल बुरशीच्या रूपानें शेजारीं पोंचते. दमेकरी माणसाची खाट त्या भिंतीशीं नसावी. आणि उन्हाळ्यांत जेथें टँकरची वाट पहावी लागते, तेथें दहा लिटर पाणी कोणाच्या वांट्यांतून काढावयाचें, हें घरांतील स्त्रियांना आधीं विचारावें. पाणी भरण्याचे श्रम बहुधा त्यांच्याच माथीं येतात. आमच्या मतें डोणगावकडील घराला एक-दोन सर्पांसाठीं दमट डबा व मापक, आणि अधिकांसाठीं बाष्पीभवनाचें यंत्र, हीच निवड शहाणपणाची होय. मुक्या जिवाची हौस करावयाची, तर त्याची कात अखंड उतरेल आणि घरांतील माणसांचा जीवही सुखांत राहील, एवढी काळजी त्या हौशीबरोबर पत्करलीच पाहिजे.