सुंगटं बंद केली, पण कोलेस्ट्रॉल तिथंच!

बंदी चालू आहे, बोटी जेटीला लागल्यात, म्हणून बऱ्याच जणांनी या दिवसांत रक्त तपासून घेतलं. सोसायटीत हप्ता भरायला येणारे आता रिपोर्ट खिशात घेऊनच येतात आणि विचारतात, "सेक्रेटरी, कोलेस्ट्रॉल वाढलंय, सुंगटं बंद करू का?"

मी स्वतः केली होती. दोन वर्षांपूर्वी माझा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, 164 आला. तो 100 च्या आत असलेला बरा. तीन महिने सुंगटं, माणकी, अंडं कशाला हात लावला नाही. पुन्हा तपासलं तर 161! डॉक्टरांनी विचारलं, घरात नारळ किती लागतो? बायको म्हणाली, रोज एक तरी. शिवाय फोडणीला खोबरेल. डॉक्टर म्हणाले, मग सुंगटांवर कशाला राग काढता?

त्यांनी समजावलं ते असं. शरीरातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल आपलं लिव्हरच तयार करतं. रक्तात फिरणारा एलडीएल परत ओढून घेण्याचं कामही लिव्हरचंच. त्यासाठी त्याच्या पेशींवर जणू गळ लावलेले असतात. जेवणात सॅच्युरेटेड चरबी जास्त झाली की हे गळ कमी होतात. मग एलडीएल रक्तातच राहतो आणि वर्षानुवर्षं धमन्यांच्या भिंतीत साचत जातो. दुखत नाही, कळत नाही.

आता सुंगटांचं बघा. 100 ग्रॅममध्ये दीडशे मिलिग्रॅमच्या वर कोलेस्ट्रॉल असतं हे खरं, पण सॅच्युरेटेड चरबी अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. खाल्लेल्या कोलेस्ट्रॉलचा रक्तावर परिणाम बहुतेकांना थोडाच होतो. (काहींना जास्त होतो, म्हणून रोज ताटभर खा असं मी म्हणत नाही.) उलट 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण 30 ग्रॅम सॅच्युरेटेड चरबी असते. हुमणात नारळ नको असं सांगायची माझी हिंमत नाही, घरात राहायचंय मला! आम्ही नारळ अर्ध्यावर आणला, आंबट-तिखट वाढवलं, सोलकढी आठवड्यातून एकदा. एलडीएल 138 वर आला.

बोटमालकांनी तेलाकडे जरूर लक्ष द्यावं. ट्रिपच्या रेशनमध्ये स्वस्त म्हणून पामोलिनचा डबा चढतो. त्यात चाळीस टक्क्यांच्या वर सॅच्युरेटेड चरबी, खोबरेलात तर नव्वदच्या आसपास. शेंगदाणा तेलात वीसच्या आत, सूर्यफुलात दहा-बाराच. खलाशी महिनोन्महिने आपल्या बोटीवर जेवतात, तेव्हा त्यांच्या रक्तात काय जातं ते आपण दुकानात ठरवतो. कालचं काळं झालेलं तेल आज परत कढईत घालू नका.

"आम्ही रोज मासे खातो, आम्हाला काय होणार?" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. बांगडा, तारले यांत ओमेगा-3 असतं, त्यानं ट्रायग्लिसराइड उतरतं. एलडीएल मात्र त्यानं फारसा उतरत नाही. तोच बांगडा रवा लावून तेलात पोहवला तर फायदा आणखी कमी. रोजच्या दारूनं ट्रायग्लिसराइड वाढतं ते वेगळंच. खारा बांगडा ब्लड प्रेशरवाल्यांनी जपून, पण तो विषय मिठाचा.

कुळीथ, चवळी, वाल, भेंडी वाढवा. यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्त पकडून बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला लिव्हरला कोलेस्ट्रॉल लागतं, ते रक्तातून ओढलं जातं.

एक गोष्ट मात्र काळजीची. आपल्या एका सभासदानं पथ्य चालू केलं आणि स्वतःच्या मनानं गोळी बंद केली. असं करू नका. काहींच्या घराण्यातच कोलेस्ट्रॉल जास्त असतं, पथ्यानं ते पुरेसं उतरत नाही. ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा शुगर आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नये. ट्रिपवर जाताना डिझेल-बर्फाच्या यादीतच गोळ्यांचं पाकीट लिहून ठेवा.