वीस पॉइंट, पण कोणते?

मेंढीकोट खेळत वाढलेल्या यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या माणसाला ब्रिज फारसा परका वाटत नाही. समोरासमोरचे जोडीदार, हाती तेरा पत्ते, आलेला रंग पाळायची सक्ती, सगळं ओळखीचं. हा खेळ बड्या शहरांतल्या क्लबांचाच, असंही नाही. मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यातलं रायबिडपुरा हे शेतकऱ्यांचं गाव ब्रिजसाठीच ओळखलं जातं.

नवा खेळाडू अडतो तो बोलीपाशी, विशेषतः भारी आणि समतोल पत्ते आल्यावर. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १, अशी बेरीज करायची आणि येईल त्या आकड्याची बोली लावायची, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. मिल्टन वर्क या अमेरिकन लेखकाच्या नावाने ओळखली जाणारी ही मोजणी जगभर चालते. पत्त्यांच्या जोडात असे एकूण ४० पॉइंट; म्हणजे सरासरीने प्रत्येकाला १०.

समतोल म्हणजे ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२ अशी वाटणी. जवळपास ४८ टक्के वेळा पत्ते असेच येतात. त्यामुळे इथली चूक वारंवार भोवते.

गैरसमज : वीस पॉइंट म्हणजे वीस पॉइंट.

वस्तुस्थिती : हे दोन हात पाहा. पहिला : इस्पिक राजा-राणी-गुलाम-दुर्री, बदाम राजा-राणी-तिर्री, चौकट एक्का-गुलाम-चौकी, किलवर राजा-गुलाम-पंजी. बेरीज २०. दुसरा : इस्पिक एक्का-दश्शी-तिर्री, बदाम एक्का-नव्वी, चौकट एक्का-राजा-दश्शी-नव्वी-पंजी, किलवर एक्का-दश्शी-चौकी. बेरीज १९.

स्टँडर्ड अमेरिकन पद्धतीत २० ते २१ पॉइंटांच्या समतोल पत्त्यांवर दोन नो-ट्रम्पने सुरुवात होते. पण अनुभवी खेळाडू पहिल्या हाताला १९ चा मानेल आणि दुसऱ्यावर बेधडक दोन नो-ट्रम्प म्हणेल. पहिल्यात एक्का एकच, राण्या-गुलामांची गर्दी आणि ४-३-३-३ ही सगळ्यांत कोरडी वाटणी. दुसऱ्यात चार एक्के आहेत, शिवाय पाच पानांची चौकट. नो-ट्रम्पमध्ये हुकूम नसतो. प्रतिस्पर्ध्यांची चौकट संपली की तिथली पंजीसुद्धा हात करते. म्हणून पाच पानांच्या चांगल्या रंगाला अनेक खेळाडू एक पॉइंट वाढवून धरतात.

आणि दश्शी? मेंढीकोटात डावाचा जीव तिच्यातच असतो, इथे तिला शून्य. मोजणीत शून्य असली तरी खेळात ती शून्य नसते. राजा-गुलाम-दुर्रीपेक्षा राजा-गुलाम-दश्शी कितीतरी भक्कम.

गैरसमज : पत्ते भारी असतील तर पहिलीच बोली मोठी हवी.

वस्तुस्थिती : १५ ते १७ ला एक नो-ट्रम्प, २० ते २१ ला दोन नो-ट्रम्प. मधल्या १८-१९ चं काय? तिथे आधी एखाद्या रंगाची एकची बोली लावतात आणि जोडीदाराने एकच्याच पातळीवर उत्तर दिलं की उडी मारून दोन नो-ट्रम्प म्हणतात. कारण साधं आहे. नो-ट्रम्पमध्ये गेम म्हणजे नऊ हात, आणि त्यासाठी दोघांचे मिळून साधारण २५ पॉइंट लागतात. जोडीदाराकडे सहाही नसतील तर तो पास म्हणतो आणि डाव एकच्या पातळीवर सुखरूप थांबतो. थेट दोन नो-ट्रम्प म्हटलं असतं तर रिकाम्या हाताच्या जोडीदारासोबत आठ हात करायची वेळ आली असती.

गैरसमज : पाच पानी बदाम किंवा इस्पिक असताना एक नो-ट्रम्प म्हणू नये.

वस्तुस्थिती : इस्पिक राजा-छक्की, बदाम राजा-राणी-नव्वी-सत्ती-तिर्री, चौकट एक्का-गुलाम-चौकी, किलवर राजा-दश्शी-दुर्री. एकूण १६. एक बदाम म्हटलं आणि जोडीदार एक इस्पिक म्हणाला, तर पुढे काय? एक नो-ट्रम्प म्हणजे १२ ते १४, दोन नो-ट्रम्प म्हणजे १८-१९. सोळाला बोलीच उरत नाही. म्हणून आज असंख्य तज्ज्ञ असे पत्ते एक नो-ट्रम्पनेच उघडतात. प्रत्येक रंगात मोठं पान हवं, हा आग्रहही मागे पडला आहे.

गैरसमज : दोन किलवर म्हटलं की गेमपर्यंत जावंच लागतं.

वस्तुस्थिती : या बोलीचा किलवरशी संबंध नसतो, ती फक्त भारी पत्त्यांची खूण. जोडीदाराच्या दोन चौकटनंतर आलेली दोन नो-ट्रम्प २२ ते २४ पॉइंट सांगते, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो तिथे पास म्हणू शकतो.

गैरसमज : पंचवीस कसेही जमले तरी सारखेच.

वस्तुस्थिती : १३ आणि १२ असे विभागलेले २५ पॉइंट, २० आणि ५ असे विभागलेल्यांपेक्षा सहसा सुखाने खेळले जातात. समोरच्या दुबळ्या हातात पोहोचायला पानच नसेल, तर प्रत्येक चाल भारी हातातूनच करावी लागते. उजव्या बाजूला दडलेला राजा पकडायला तर चाल समोरून व्हावी लागते.

गैरसमज : हे आकडे सगळीकडे एकच.

वस्तुस्थिती : इंग्लंडच्या एकोल पद्धतीत एक नो-ट्रम्प १२ ते १४ ची असते. सी. सी. वेई यांच्या प्रिसिजन पद्धतीत ती १३ ते १५ ची, आणि १६ पासून पुढे एक किलवर. हीच पद्धत घेऊन तैवानचा संघ १९६९ च्या बर्म्युडा बाउलमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेला. म्हणूनच स्पर्धेत प्रत्येक जोडीला आपल्या बोलींचे अर्थ उघड ठेवावे लागतात, आणि एक नो-ट्रम्प किती पॉइंटांची हे प्रतिस्पर्धी आपली पाळी आल्यावर हक्काने विचारू शकतात.