वाऱ्याची जकात

पेट्रोलचा दर चढू लागला की दोन प्रकारच्या लोकांना कंठ फुटतो. एक सरकारला दोष देणारे आणि दुसरे, अमुक एक साधन मोटारीला बसवा म्हणजे इंधन निम्मे लागेल असे छातीठोकपणे सांगणारे. पहिल्यांचे ऐकून निदान मन हलके होते. दुसऱ्यांचे ऐकून खिसा हलका होतो. इंधनाच्या नळीला बांधावयाची लोहचुंबके, टाकीत टाकावयाच्या गोळ्या, हवेच्या वाटेत बसवावयाच्या चक्र्या अशा शंभराहून अधिक साधनांची छाननी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वर्षानुवर्षे केली. त्यांपैकी बहुतेकांचा उपयोग शून्य, असाच तिचा निष्कर्ष निघाला. मात्र या बाजारात न बसणारा एक तिसरा वर्ग आहे. अमेरिकेत तो विशेष आढळतो. हे लोक कोणाचे साधन विकत घेत नाहीत. घरच्या अंगणात पत्रा, प्लास्टिक आणि चिकटपट्टी घेऊन बसतात व आपल्या मोटारीचा आकारच बदलतात. त्यांना वेडे ठरविण्यापूर्वी त्यांचे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ते शास्त्र खरे आहे.

मोटार रस्त्यावरून धावते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती हवेतून वाट काढीत असते. हवा दिसत नाही म्हणून तिला वजन नाही असे नव्हे. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो भरते. दोन चौरस मीटर रुंद तोंडाची साधी मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जाऊ लागली की दर सेकंदाला साठ किलोंहून अधिक हवा तिच्या वाटेत येते. ती सारी बाजूला सारण्याची जकात इंधनाच्या रूपाने भरावी लागते. या जकातीचा दर वेगाच्या वर्गाप्रमाणे चढतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. ताशी ५० किलोमीटरवर लहान मोटारीला चाकांच्या घर्षणाचा अडथळा अधिक असतो. साठ-सत्तरच्या पुढे मात्र हवा हाच तिचा प्रमुख प्रतिस्पर्धी ठरतो.

हवा कापण्यासाठी नाक अणकुचीदार हवे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आपल्या किनाऱ्यावरील माणसाची अशी फसगत होऊ नये. बांगडा पाहावा. त्याचे अंग पुढे भरीव व गोलसर आणि शेपटीकडे क्रमाक्रमाने निमुळते होत गेलेले. पाण्याला लागू असलेला हा नियम हवेलाही लागू आहे. मोटारीची पाठ एकाएकी तुटली की तिच्या मागे हवा भोवऱ्यासारखी घुटमळते, तेथील दाब उतरतो आणि गाडी जणू मागे ओढली जाते. म्हणूनच एडमंड रुम्पलर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९२१ साली बर्लिनमध्ये थेंबाच्या आकाराची मोटार मांडली. लोकांना ती विचित्र वाटली आणि ती खपली नाही. पुढे १९७९ मध्ये फोक्सवॅगनने आपल्या वातविवरात तिची परीक्षा घेतली, तेव्हा तिचा विरोधांक ०.२८ भरला. आजच्या कित्येक मोटारींनाही तो साधत नाही. लांब शेपूट रस्त्यावर गैरसोयीची, म्हणून वुनिबाल्ड काम या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात ती मध्येच कापून टाकली तरी बराचसा लाभ टिकतो, हे दाखवून दिले.

१९७३ च्या तेलसंकटाने या विद्येला नवी निकड आली. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स येथे नासाच्या उड्डाण संशोधन केंद्रात काम करणारे एडविन सॉल्ट्झमन सायकलने जात असत. शेजारून मोठा ट्रक गेला की हवेचा लोट त्यांना आधी बाहेर ढकली आणि मग आत ओढी. विमानांच्या या अभ्यासकाने त्यातून प्रश्न उचलला. सहकाऱ्यांसह त्याने एका जुन्या व्हॅनला ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवून बुटाच्या खोक्यासारखा चौकोनी आकार दिला, तिचा विरोध मोजला आणि मग एकेक कड गोल करीत पुन्हा मोजला. केवळ पुढच्या कडा गोल केल्याने हवेचा विरोध जवळजवळ निम्म्याने उतरला. आज महामार्गांवरील मोठ्या ट्रकांची गोलसर तोंडे दिसतात, त्यांमागे अशा प्रयोगांचा वाटा आहे.

अंगणातील कारागीर हेच लहान प्रमाणात करतात. पुढील जाळीचा काही भाग झाकणे, पोटाखाली सपाट पत्रा बसविणे, चाकांवर गुळगुळीत तबकड्या लावणे, मागील चाके झाकणे आणि पाठीला निमुळती शेपूट जोडणे असे त्यांचे उपाय असतात. एका अमेरिकन गृहस्थाने १९९२ च्या होंडा सिव्हिकवर हे सारे केले. ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगाने आपली गाडी लिटरमागे चाळीस किलोमीटर जाते, असा त्याचा दावा आहे. आम्हाला त्या आकड्यापेक्षा या मंडळींची मोजण्याची शिस्त अधिक मोलाची वाटते. ते गाडीच्या अंगावर लोकरीचे धागे चिकटवून हवा कोठे चिकटते व कोठे फाटते ते पाहतात. एकाच रस्त्यावर दोन्ही दिशांनी गाडी चालवतात. बदल करून, तो काढून आणि पुन्हा बसवून हिशेब ठेवतात. एका सहलीत मायलेज वाढले म्हणून हुरळून जाणाऱ्या आपल्या चालकांनी एवढे तरी शिकावे. ढोबळ हिशेब असा की, महामार्गाच्या वेगाला विरोध १० टक्के घटला तर इंधन सुमारे ५ टक्के वाचते. शहरातील गर्दीत यातले जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

गोमंतकात याचे अंधानुकरण करावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. येथल्या उन्हात, वातानुकूलन चालू असता, जाळी झाकणे म्हणजे इंजिनाला ताप आणणे होय. पोटाखालचा पत्रा गतिरोधकावर घासेल, पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात उखडेल आणि तप्त धुराड्याजवळ प्लास्टिक असल्यास आगीलाच निमंत्रण मिळेल. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

पण भर घालण्यास मनाई असली तरी वजाबाकीस कोणाचीच हरकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. हे प्रमाण देशात सर्वाधिक होते. यांतल्या किती गाड्यांच्या टपावर रिकामे कॅरियर वर्षभर वारा खात असते? टपावर मोठी पेटी असेल तर महामार्गावर ६ ते १७ टक्के अधिक इंधन जाते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. तेच सामान पाठीमागे बांधले तर १ ते ५ टक्क्यांवर भागते. पुढे मिरविण्याचे लोखंडी गार्ड वारा अडवते आणि पादचाऱ्याचा जीवही धोक्यात घालते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले होते. ही दोन ओझी उतरविण्यास खर्च नाही आणि परवानगीही लागत नाही.

सर्वांत मोठी बचत तर चालकाच्या उजव्या पायाखाली आहे. वेग शंभरावरून ऐंशीवर आणला की हवेचा विरोध ३६ टक्क्यांनी घटतो. एवढी मजल गाठावयाची तर अंगणातील कारागिराला मोटारीची कायाच पालटावी लागते. १९७४ मध्ये अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली ती याच गणिताच्या आधारे. पणजीहून काणकोणपर्यंतच्या सुमारे सत्तर किलोमीटरांत सगळा रस्ता मोकळा मिळाला तरी या सबुरीची किंमत जेमतेम दहा मिनिटे. आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणणाऱ्या देशाच्या नागरिकाला ती परवडण्यासारखी आहे. आणि रस्त्यावर वाचलेल्या जिवांचा हिशेब तर पेट्रोलच्या पावतीवर येतच नाही.