घरी कॉम्प्युटर टेबल कसं लावायचं? आधी कोपराची उंची मोजा!

मी परभणीत राहतो. आमच्या भागातली बरीच मुलं-मुली सध्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेची तयारी करतायत. त्यात मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग लागतो. क्लासमधला वेळ संपला की उरलेला सराव घरी. कुणी गादीवर लोळून, कुणी लॅपटॉप मांडीवर घेऊन. थोड्याच दिवसांत मान आखडते, मनगट दुखतं आणि सरावच बंद पडतो. परीक्षा तोंडावर असताना हे परवडत नाही.

यासाठी महागडी खुर्ची घ्यायची गरज नाही. घरात जे आहे त्यातच जमतं, फक्त मापं नीट घ्यायची.

१. टेबल आणि खुर्ची

खुर्चीत पाठ टेकून बसा. पाय जमिनीवर, खांदे सैल. कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा. की-बोर्ड याच उंचीवर किंवा किंचित खाली हवा. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाचं हे माप साधारण २४ ते २६ इंच भरतं. बाजारातलं टेबल मात्र बहुतेक वेळा २९-३० इंचांचं असतं. म्हणून टाइप करताना खांदे वर चढतात.

जुनं लाकडी टेबल असेल तर सुताराकडून पाय कापून घ्या. ते जमत नसेल तर खुर्चीवर गोधडीची घट्ट घडी टाकून स्वतः वर या. मग पाय लोंबकळतील, त्यांच्याखाली पाट किंवा विटा ठेवा. प्लास्टिकची खुर्ची बिनहाताची बरी, कारण हात टेबलाला अडतात.

२. लॅपटॉपची खरी अडचण

लॅपटॉपची स्क्रीन आणि की-बोर्ड जोडलेले असतात. हात नीट ठेवले की मान वाकते, मान सरळ ठेवली की हात वर जातात. त्यामुळे साधा वायरचा की-बोर्ड आणि माऊस वेगळा लावा. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर साधारण हातभर हवं.

३. टेबलच नसेल तर?

चौरंगावरही काम होतं. बुडाखाली जाड घडी घ्या, पाठ भिंतीला टेकवा, कोपराचा नियम तोच. मांडी अधूनमधून बदला.

४. उजेड आणि ऊन

खिडकी बाजूला हवी. ती पाठीमागे असेल तर स्क्रीन चमकते, समोर असेल तर डोळे दिपतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, म्हणून कूलर सुरूच असतो. त्याचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नका, डोळे कोरडे पडतात. लॅपटॉप गादीवर ठेवला तर हवा जायची जागा बुजते आणि तो तापतो.

५. फक्त मोबाईल असेल तर

मोबाईल स्टँडवर किंवा डब्याला टेकवून उभा करा. ओटीजी अडॅप्टर लावला तर बऱ्याच अँड्रॉइड फोनला वायरचा की-बोर्ड जोडता येतो. याचा फायदा मोठा आहे. अमेरिकेतले सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये एक अंदाज मांडला होता: मान ६० अंश खाली वाकली की मणक्यावर सुमारे २७ किलो भार येतो. डोकं स्वतः जेमतेम पाच किलोचं!

६. उठा

बसणं कितीही नीट असलं तरी दर २० मिनिटांनी २० सेकंद वीसेक फूट लांब पाहा. अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन या.

एवढं करूनही बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. नाहीतर आज संध्याकाळी टेप घ्या आणि पहिलं माप कोपराचं काढा. बाकी सगळं त्यावरून ठरतं.