सहावरून दहावर : बीम वाढवायचे कसे?



समोर भरतीची बरीच पोरं दिसतायत, मागच्या ओळीत पालकही आहेत. म्हणून सुरुवात आकड्यांनीच करतो. सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीत १० बीमला ४० गुण मिळतात. ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१ आणि ६ ला १६. म्हणजे सहा मारणारा पास होतो, पण दहावाल्याच्या २४ गुण मागे राहतो. मी स्वतः तरुणपणी सहावरच अडकलो होतो. धावायला चांगला होतो, तरी यादीत नाव लागलं नाही, आणि पुढच्या खेपेला वय निघून गेलं. मी आळशी नव्हतो हो. रोज हात सुटेपर्यंत लटकायचो. आज एवढंच सांगायला आलोय की चूक नेमकी तिथंच होती.

आधी बीममध्ये काय होतं ते पाहू. आपण आपलं सगळं वजन ओढून वर नेतो. हे काम मुख्यतः पाठीचे दोन रुंद स्नायू करतात, ज्यांना जिममधली पोरं ‘विंग्ज’ म्हणतात. जोडीला दंडातला बायसेप्स आणि पंजाची पकड. तळवे समोरच्या दिशेला असले तर तो पुल-अप, आपल्याकडे असले तर चिन-अप. चिन-अपमध्ये बायसेप्सला जास्त जोर लावता येतो, म्हणून बहुतेकांचे त्यात एक-दोन जास्त निघतात. सरावाला दोन्ही करा, पण चाचणीत जी पकड चालते तिला जास्त वेळ द्या.

आता पोरं विचारतात, “सर, मी शंभर जोर मारतो, मग बीम चारच का?” कारण जोर म्हणजे ढकलणं आणि बीम म्हणजे ओढणं. स्नायू वेगळे. आपल्याकडे ओढण्याची ताकद कमवायची ती मल्लखांबावर आणि दोरावर. नुसत्या जोर-बैठकांनी ती येत नाही.

आता मुद्द्याचं. समजा तुमचे सहा निघतात. रोज संध्याकाळी तुम्ही दम संपेपर्यंत मारता : आधी ६, मग ४, मग ३, मग २. झाले पंधरा. यातले निम्मे पाय झाडत, हनुवटी कशीबशी दांड्याला लावत. दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं, म्हणून पाचच. महिनाभरानं आकडा तोच.

दुसरा मार्ग असा. सहाचे निम्मे, म्हणजे तीन. सकाळी ३, तासाभरानं ३, असे दिवसात पाच वेळा. झाले तेही पंधराच! पण प्रत्येक बीम ताज्या हातानं आणि स्वच्छ. आठवड्यात सहा दिवस धरले तर ९० चांगले बीम. सोव्हिएत संघातून अमेरिकेत गेलेले प्रशिक्षक पावेल त्सात्सुलिन यांनी ही पद्धत ‘ग्रीस द ग्रूव्ह’ या नावानं लोकप्रिय केली.

हे चालतं का? ताकद म्हणजे फक्त स्नायूचा आकार नव्हे. मेंदू त्यातले किती तंतू एका वेळी कामाला लावतो, हेही ताकदच. ते कसब आहे, तबल्याच्या रियाजासारखं. थकलेल्या हातानं रियाज केला तर चुकीचा बोलच हातात बसतो.

तीन आठवड्यांनी, एक-दोन दिवस विश्रांती घेऊन, पुन्हा मोजा. आठ निघाले तर आता चार-चार करा. दिवसभर दांडा जवळ नसेल, कामावर जात असाल, तर शिडी करा : १, थोडं थांबून २, मग ३. अशा तीन शिड्या म्हणजे १८ बीम. हे आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड.

(श्रोत्यांतून एका मुलीचा प्रश्न : मला प्रस्तरारोहणासाठी हवंय, पण एकही निघत नाही.)

छान प्रश्न. शून्यवाल्यांनी उलटीकडून सुरू करायचं. आपला स्नायू वजन उचलू शकतो त्यापेक्षा जास्त वजन सावकाश खाली सोडू शकतो. म्हणून स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर न्यायची, आणि पाच आकडे मोजत खाली यायचं. असे ३ ते ५, एक दिवसाआड. जोडीला नुसतं लटकायचं, २०-३० सेकंद. मग कोपर न वाकवता फक्त खांदे खाली ओढायचे. वर जाण्याची सुरुवात तिथूनच होते. पाच सेकंदांचे दहा सेकंद झाले की पहिला चिन-अप करून बघा.

(एक पालक : मुलाचं कोपर दुखतंय, तरी तो थांबत नाही.)

थांबवा त्याला. कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं म्हणजे स्नायूबंधावर एकदम भार पडल्याची खूण असते. स्नायू लवकर तयार होतो, स्नायूबंध हळू. काही दिवस बीम बंद, आणि कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा. पुन्हा सुरू करताना निम्म्यावरून.

भरतीवाल्यांसाठी अजून तीन गोष्टी. एक, मेळाव्यात बीम येतात ते १६०० मीटर धावल्यानंतर. म्हणून आठवड्यातून एकदा धावून आल्यावर बीम मारा. धापा टाकत लटकणं हा वेगळाच अनुभव असतो. दोन, खाली हात पूर्ण सरळ, वर हनुवटी दांड्याच्या वर, झोका नाही. घरी अर्धवट मारलेले दहा मैदानात सहाच मोजले जातात. तीन, ६५ किलोचा मुलगा ६२ चा झाला तर प्रत्येक बीमला तीन किलो कमी उचलायचे. पण हे दोन-तीन महिन्यांत, पोटभर जेवून करायचं. आदल्या आठवड्यात उपाशी राहाल तर धावणंही जाईल आणि बीमही.

तर उद्या सकाळी एकदाच, ताज्या अंगानं, स्वच्छ बीम मोजा. आकडा वहीत लिहा, निम्मा करा, आणि तीन आठवडे पुन्हा मोजू नका. तेवढा धीर मला धरता आला नव्हता. तुम्ही धरा.